थादुननं विझवलेली शेगडी

आवा शहर सोडून दीड दिवस झाला होता. नदी कधीच मागे पडली होती आणि आम्ही कालव्याच्या बांधावरून एकामागून एक चालत होतो. पुढे शिपाई म्यातो, मधे बेडी घातलेला थादुन, आणि दहा पावलं मागे मी. बांधावर सावली म्हणून नव्हती. चिंचेची झाडं होती ती लांब, गावांच्या कडेला. बेडीच्या कड्यानं थादुनचा डावा घोटा सोलून काढला होता, आणि दर दुसऱ्या पावलाला धुळीत एक ओला ठिपका पडत होता. सकाळपासून मी ते ठिपके चुकवत चालले होते. त्यांच्यावर पाय द्यावासा वाटेना.

शेवटी मी हाक मारली. “म्यातो, जरा थांब रे.”

“का आजी, दमलात?” म्यातो वळला. चाळिशीचा गडी, पानानं दात काळे पडलेले, बोलायला कोणी मिळालं की खूश. “तरी मी म्हणत होतो, गाडीत बसा. मे ट्वेबाईंनी एवढी जागा ठेवली होती तुमच्यासाठी, गादी घालून. आणि तुम्ही चालताय चोरासारख्या, चोराच्या मागं.”

“माझं राहू दे. त्याचा पाय बघ.”

“पायच आहे ना? डोकं शाबूत आहे तोवर पायाचं काय एवढं?” असं म्हणून तो स्वतःच हसला, पण थांबला.

मी लुंगीची कड फाडली आणि पट्टी एका दगडावर ठेवली. थादुननं ती उचलली आणि खाली बसून कड्याच्या आत सारायला लागला. मी हातात दिली नाही, त्यानंही हात पुढे केला नाही. ज्याच्या गालांवर गुन्ह्याच्या चकत्या गोंदलेल्या असतात त्याच्या हाताला कोणी हात लावत नाही. आमच्या ओळखीला वीस वर्षं झाली होती आणि वीस वर्षांत माझं बोट त्याला लागलं नव्हतं.

आम्ही चाललो होतो चाउसेला. नगराधिकारी उन्हाळाभर तिथं कालव्यांच्या कामावर तळ देऊन होते आणि आमच्या पेठेचा खटला त्यांच्यापुढे उभा राहायचा होता. खटला थादुनवर होता. तो बाळंतिणीच्या खोलीत शिरला, तिची शेगडी विझवली, आणि त्यामुळे ती गारठून मेली, असा तिच्या सासूचा, मे ट्वेचा, आरोप होता. चकती असलेला माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला की त्याला नदीपलीकडच्या वाळूवर नेतात. तिथून परत आलेला मी कोणी पाहिलेला नाही. मी साक्षीदार होते, कारण ती बाळंतीण माझ्या हातातली. मी सुईण आहे. मी काय सांगते त्यावर थादुन जगणार की नाही हे ठरायचं होतं, आणि हे मला, त्याला, म्यातोला, सगळ्यांना माहीत होतं.

थादुनचं काम काय होतं ते आधी सांगते.

आमच्याकडे घरं बांबूची, छपरं गवताची. थंडी सरली, वारा दक्षिणेचा झाला, की पेठेत नगारा वाजायला लागतो. सकाळचा नगारा झाला की प्रत्येक घरातली चूल विझली पाहिजे, आणि संध्याकाळचा नगारा होईपर्यंत पेटता कामा नये. भात पहाटे शिजवायचा, दुपारी गार खायचा. दारात पाण्याचे माठ भरलेले हवेत, छप्पर ओढून काढायला लांब काठीची आकडी टेकवलेली हवी. हे सगळं आहे की नाही बघायला पेठेपेठेत गाल गोंदलेला एक माणूस नेमतात. आमच्या पेठेत थादुन होता.

तो दुपारी फिरायचा. ज्या वेळेला कुत्रीसुद्धा घराखालून बाहेर येत नाहीत, त्या वेळेला. शिडीच्या तळाशी उभा राहून खाकरायचा, वर यायचा, सरळ चुलीकडे जायचा आणि राखेत उजवा हात मनगटापर्यंत घालायचा. राख वरून गार असते. आत तळाशी निखारा झाकून ठेवलेला असला तर तो हातालाच कळतो, डोळ्याला नाही. वीस वर्षांत त्या तळव्याची कातडी म्हशीच्या खुरासारखी झाली होती.

बायका त्याला काय काय बोलायच्या.

“आलास? ये बाबा. माझा नवरा उभ्या जन्मात चुलीकडे फिरकला नाही, तू मात्र रोज येतोस.”

“चकत्या, हात धुतलास का रे? तुझ्या हाताची चव लागते आमच्या भाताला.”

तो हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. चुलीत मांजर निजलेलं दिसलं तर मात्र हात न घालताच माठ उचलायचा. “मावशी, मांजरानं चहाडी केली,” म्हणायचा आणि पाणी ओतायचा. अर्ध्या शिजलेल्या भातावर ओतायचा. एकदा तापानं फणफणलेल्या पोराच्या पेजेवर ओतलं त्यानं, आणि त्या पोराची आई त्याच्या मागं पेठभर शिव्या देत फिरली. मला त्याला साधू ठरवायचं नाही. कडू तोंडाचा माणूस होता. पण वीस उन्हाळे आमची पेठ जळली नाही. शेजारच्या दोन पेठा जळल्या, एक तर दोनदा.

आणि मी सुईण. माझं काम नेमकं उलटं. बाळंतिणीला सात दिवस शेक लागतो, हळद चोळून शेगडीजवळ निजवावं लागतं, घामानं आतलं सगळं बाहेर पडावं लागतं. मुलं काही नगारा ऐकून जन्माला येत नाहीत. मी पेटवायची, त्यानं विझवायची. पहिली काही वर्षं आम्ही कडाकडा भांडलो.

“बाई गारठून मेली तर कोणाच्या नावावर?” मी विचारायची.

“घरं जळली तर कोणाच्या?” तो विचारायचा.

एका तगू महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, असंच भांडण झालं, कोष्ट्याच्या घरी. त्यानं शेगडी विझवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नगारा झाल्यावर मी त्या घरी गेले तर शिडीच्या तळाशी एक मोठं मडकं. आत राख, आणि राखेत पुरलेल्या चार विटा, हात लावता येऊ नये इतक्या गरम. तटाबाहेर नदीच्या काठावर कुंभारांच्या भट्ट्या आहेत. तिथं आगीला बंदी नाही. पहाटे तिथून त्या विटा कावडीनं आणून त्यानं ठेवल्या होत्या. मी त्या कापडात गुंडाळून बाईच्या पोटाशी, पाठीशी लावल्या. राखेतल्या विटा दुपार उलटेपर्यंत ऊब धरतात. संध्याकाळी रिकामं मडकं मी खाली ठेवलं, सकाळी ते भरलेलं होतं.

त्यानंतर बारा वर्षं, जेव्हा जेव्हा उन्हाळ्यात बाळंतपण आलं, तेव्हा असंच झालं. आम्ही त्याबद्दल एक शब्द कधी बोललो नाही. चकत्यानं हात लावलेली वीट कोण बाळंतिणीच्या अंगाला लावू देईल? कोणी विचारलं की मी सांगायची, कुंभारीण पाठवते. उपोसथाच्या, उपवासाच्या दिवशी विहारात बसून मी पंचशील म्हणते तेव्हा चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज जरा खाली जायचा. पण त्या बारा वर्षांतली एकही बाळंतीण शेकावाचून राहिली नाही, आणि एकही छप्पर पेटलं नाही.

मग या वर्षी पानयिन आली.

लाखेची भांडी विकणाऱ्या घरातली सून. एकोणीस वर्षांची. भलत्या वेळी हसायची सवय तिला. कळा देताना मला विचारते, “मावशी, आता हे परत आत तर नाही ना जाणार?” आणि स्वतःच हसायला लागली, मधेच ओरडली, पुन्हा हसली. मुलगा झाला. चांगला, रडका, मोठ्या डोक्याचा.

वार पडली. मी ती नेहमीसारखी केळीच्या पानावर पसरून पाहिली. एका कडेला सुपारीएवढा तुकडा नव्हता.

हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. पान गुंडाळलं आणि पुरायला दिलं.

विटांचं मी म्हटलं तेव्हा पानयिनची सासू मे ट्वे उसळली. “कुंभारांची उष्टी ऊब? माझ्या नातवाच्या आईला? सात दिवस चिंचेच्या लाकडाची शेगडी राहील. बघते कोण विझवतो ते.”

एरवी मी हटून बसले असते. त्या दिवशी मला वाटलं, मोठी आग असेल तर घाम जोराचा येईल, आणि राहिलेला तुकडा उतरेल. मी म्हटलं, ठेवा. माझ्या तोंडूनच गेलं ते.

तीन दिवस त्यांनी थादुनला शिडी चढू दिली नाही. घरात बाळंतीण आहे, चकत्याची सावली नको, म्हणून दोन नोकर उभे केले. चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटला. मी आत पानयिनची पाठ चोळत होते. बाहेर आरडाओरडा झाला, शिडी कुरकुरली, आणि थादुन दारात. कपाळातून रक्त येत होतं, कोणीतरी काठी घातली होती. त्यानं पानयिनकडे पाहिलं नाही. शेगडीकडे पाहिलं, आणि शेगडीजवळच्या चटईकडे. चटईची कड वीतभर काळी पडली होती आणि धुमसत होती. मी तिथंच बसले होते आणि मला ती दिसली नव्हती. त्यानं दारातला माठ उचलला आणि पालथा केला. खोली वाफेनं भरली. मे ट्वे छाती बडवायला लागली.

त्या गोंधळात पानयिन माझ्या कानाशी म्हणाली, “बरं झालं बाई. फार उकडत होतं.”

सहाव्या दिवशी तिला ताप भरला. अंगाला वास यायला लागला, तो वास मला माहीत आहे. आठव्या दिवशी संध्याकाळी ती गेली. तिला उचलायच्या आधी मे ट्वे अंगणात उभी राहून ओरडत होती, चकत्यानं माझी सून मारली. सगळी पेठ तेच म्हणायला लागली. मला कोणी विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही.

चाउसेला निघताना मे ट्वेनं मला गाडीत बसवलं होतं. वेशीपर्यंत मी बसलेही. पण ती मला वाटेत पढवायला लागली. “तुम्ही असं म्हणायचं, शेगडी असती तर पोरगी उठून बसली असती. म्हणून दाखवा बघू.” मी म्हटलं, मला गाडीत मळमळतं. आणि उतरले.

तर आम्ही चालत होतो.

दुपारी ताडाच्या झाडांखाली म्यातोनं मुक्काम केला. पिशवीतून सुकी मासळी काढली, वाळक्या झावळ्या गोळा केल्या आणि पेटवल्या. आजूबाजूला गवत गुडघ्याएवढं, उन्हानं करपून पिवळं पडलेलं. थादुन उठला. बेडी ओढत आगीभोवती फिरला आणि हातांनी गवत उपटायला लागला. ओंजळी ओंजळी माती उकरून कडेनं टाकत गेला.

म्यातो बघत राहिला. “अरे, इथं कोणाचं घर आहे? कावळ्याचं?”

“वारा आहे.”

“आजी, बघा याला. परवा मान जायची, आणि आज रानातलं गवत वाचवतोय.” त्यानं मासळी काडीला लावली आणि थादुनपुढे धरली. “घे. खा. अरे हो, विसरलोच की. तुला तर मासळीनंच गाल दिलेत, नाही का?”

थादुननं आणखी ओंजळभर माती टाकली. रिंगण पुरं करून दूर जाऊन बसला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वास येऊ नये.

मी माझा गार भात सोडला. त्यातला अर्धा पानावर काढून मधल्या दगडावर ठेवला. तो उचलून घेताना म्हणाला, “तुम्हाला माहीत असेलच.”

“लोक म्हणतात ते ऐकलंय. तुझ्या तोंडून नाही.”

“बावीस वर्षांचा होतो. शेतावरून दुपारी घरी आलो. बायको माहेरी होती. गार भात, नुसतं मीठ. आढ्याला एक सुकी मासळी टांगलेली. म्हटलं, एवढीशी तर भाजायची, कोणाला कळतंय.” त्यानं भाताचा घास केला आणि तसाच धरून ठेवला. “नव्वद घरं. शेजारी दोन आंधळ्या बहिणी होत्या, हातमागावर बसायच्या. त्यांना कोणीतरी ओरडून सांगितलं पळा, पण कुठल्या बाजूला ते सांगितलं नाही.”

मग त्यानं घास तोंडात घातला.  मासळी खाऊन झाल्यावर म्यातोनं आगीवर माती लोटली, पायानं, आणि थादुन उठून जाऊन त्या मातीत हात घालून आला.

ऊन कलायला लागलं तेव्हा चाउसेची टेकडी दिसली आणि तिच्यावरचा सोनेरी कळस. मी उभ्या उभ्याच हात जोडले. खाली कालव्याच्या फाट्यावर अधिकाऱ्यांचे तंबू, घोडे, माणसांची गर्दी. मे ट्वेची गाडी तिथं पोचलेली असणार. म्यातोला कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दारावरचा राखणदार ओळखीचा निघाला. “दोघं इथंच बसा,” म्हणाला. “अंग धुऊन येतो. एवढा मळका माणूस साहेबांपुढे गेलो तर मलाच आत टाकतील. आणि चकत्या, पळून गेलास तर एवढीच विनंती, फार लांब जाऊ नकोस. मला धावायला होत नाही.”

तो गेला. लाकडी दारातून पाणी खाली पडत होतं, त्याचा मोठा आवाज होता. बरंच झालं. त्या आवाजात बोलणं सोपं गेलं.

“थादुन,” मी म्हटलं, “ती तुझ्यामुळे मेली नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. केळीचं पान, कडेचा तुकडा, मी गप्प राहिले ते, शेगडी मीच ठेवायला सांगितली ते. तिच्या अंगाला आलेला वास. “शेकाचा काही संबंध नव्हता,” मी म्हटलं. “माझ्या हातून राहिलं. मी आत हात घालून काढायला हवं होतं. पहिलटकरीण, दमलेली, मला तिच्या अंगात पुन्हा हात घालवेना.”

त्यानं धुळीतला एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाला, “तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. मूल झालं त्या दिवशी.”

“मी दहा दिवस कोठडीत होतो, सुईणबाई.” त्याचा आवाज चढला नाही, पण मला त्याच्याकडे बघवेना. “दहा दिवस तुम्ही त्या कोठडीवरून विहारात जात होता. मला खिडकीतून दिसायच्या. हातात फुलं असायची. मी आत बसून एकच मोजत होतो. की तिकडे दोन बहिणी, आणि इकडे ही एक. तिघी. दहा दिवस. येऊन एवढं एक वाक्य टाकायचं होतं खिडकीतून.”

  मी बसल्या जागी कपाळ जमिनीला टेकवलं, बुद्धापुढे टेकवतात तसं. त्यानं मला उठा म्हटलं नाही.

मी उठून बसले आणि म्हटलं, “उद्या मी खरं सांगणार आहे. त्यासाठीच चालत आले. गाडीत बसले असते तर माझा धीर सुटला असता.”

“काय सांगणार?”

“आत्ता तुला सांगितलं तेच.”

तो पाण्याकडे बघत राहिला. घोट्याची पट्टी लाल होऊन सुटली होती, ती त्यानं पुन्हा घट्ट केली.

“ते तुम्हाला विचारतील,” तो म्हणाला, “की शेगडी राहिली असती तर बाई वाचली असती का. तुम्ही काय म्हणाल?”

“नसती वाचली.”

“नक्की?”

 तीस वर्षं मी बायकांना सांगत आले होते की शेकावाचून बाळंतीण उठत नाही. माझी आई सांगायची, तिची आई सांगायची. “मला वाटतं नसती वाचली,” मी म्हटलं. “पण नक्की कसं सांगू? मला माहीत नाही.”

“झालं. मे ट्वे म्हणेल, सुईण चकत्याला सामील आहे. आता विटांचंही निघेल. बारा वर्षं चकत्याच्या विटा बाळंतिणींच्या पोटाला लावल्या, हे एकदा कळलं की पेठ तुम्हाला शिडी चढू देईल? आणि मी खोलीत शिरलो, हे तर खोटं नाहीच. तेवढ्यानंही मला वाळूवर नेतील. तुम्ही जाल, मी जाईन. वर ते लिहितील, शेगडी विझवली, बाई मेली, सुईणीलाही नक्की सांगता आलं नाही.”

“मग मी काय करू? गप्प बसू?”

“गप्प बसलात तरी तेच लिहितील. शेगडी विझली म्हणून बाई मेली. असा निकाल एकदा लागला की तो सगळ्या पेठांना लागतो. पुढच्या तगूत माझ्या जागी जो कोणी येईल, त्याला घरात बाळंतीण आहे म्हटलं की तो खालूनच परत जाईल. आणि मग बाळंतीण नसलेल्या घरातसुद्धा बाळंतीण असेल.” त्यानं गालावरून हात फिरवला. “माझ्या एका मासळीनं नव्वद घरं गेली, बाई. या निकालानं किती जातील?”

खालच्या बाजूला म्यातो पाण्यात डुबकी मारून वर आला आणि राखणदाराला काहीतरी ओरडून सांगायला लागला. दोघं हसत होते.

“तिसरं एक सांगता येतं,” थादुन म्हणाला. “सांगा, तो पिऊन आला होता.”

“कोण?”

“मी. सांगा, ताडी पिऊन आला होता, पायावर उभा नव्हता, शिव्या देत होता. कुठं शिरतोय, काय ओततोय, त्याला कळत नव्हतं. या गालांवर ते लगेच विश्वास ठेवतील, कोणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. म्हणजे मग ते एका दारुड्यानं केलेलं होईल. चुली तपासणाऱ्यानं केलेलं नाही. नगारा तसाच राहील. पुढचा माणूस न भिता शिडी चढेल.”

“तू आयुष्यात प्यायला नाहीस.”

“ते तुम्हाला माहीत आहे.”

“आणि मी खोटं बोलत नाही, थादुन. मी शील पाळते. शपथेवर, त्या कळसासमोर उभं करतील मला. तुझा जीव जाईल त्या बोलण्यानं.”

“जीव जायचाच आहे. कशानं जातो एवढंच बघायचंय.” त्यानं पहिल्यांदा थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. “तुम्ही दहा दिवस खरं दाबून ठेवलंत, तेव्हा शील होतं ना? मी त्याबद्दल आता काही म्हणत नाही. जे झालं ते झालं. पण तुमच्याकडून मला काही येणं आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर ते हे आहे. दुसरं मला काही नको.”

म्यातो ओली लुंगी पिळत बांध चढायला लागला होता. थादुननं बेडीची साखळी हातात गोळा केली आणि उठून उभा राहिला.

“पिऊन आला होता म्हणा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “आणि म्हणताना अडखळू नका.”